प्लेटच्या मागचं स्टिकर अन् भद्रावतीचं स्टेशन

मागच्या मे महिन्यात मोठेबाबांचा फोन आला, "काऊन बे, तू सायन्स शिकला ना, मंग सांग मले, ऊन एवढं मरणाचं तापून राहिलं अन् सोलरची मोटर दुपारी पाणी काऊन कमी फेकते?" आमचं वावर वरोऱ्याकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, मे मध्ये पारा ४५ च्या खाली यायला तयार नसतो, त्यामुळे त्यांचा हिशोब सरळ होता, ऊन जास्त तर पाणी जास्त. गावी गेलो तेव्हा त्यांना प्लेटच्या खाली वाकायला लावलं आणि मागचं स्टिकर दाखवलं.

त्या स्टिकरवर प्लेटचे वॅट असतात आणि खाली बारीक अक्षरात हेही असतं की हे वॅट मोजले कसे. दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन, आणि सेलचं, म्हणजे प्लेटमधल्या ऊन विजेत बदलणाऱ्या काळ्या तुकड्याचं, तापमान २५ डिग्री. आता २५ डिग्री आमच्याकडे मे महिन्यात पहाटे चार वाजताही होत नाही! दुपारी ती काळी सेल सहज ६५ ला जाते, आणि सेल ज्याची बनते त्या सिलिकॉनचं असं आहे की २५ च्या वर एकेक डिग्री चढली की पॉवर साधारण ०.३५ टक्के घसरते, म्हणजे ४० डिग्री जास्त झाले की १४ टक्के गेलेच समजा. प्लेटला उजेड पाहिजे, ताप नको. (विहिरीची पातळी पण मे मध्ये खाली गेलेली असते, तो दोष प्लेटवर टाकू नये.)

मोठेबाबा म्हणाले, "मंग हे २५ कोणं ठरवलं? त्याले इकडं आणा एकदा."

ठरवलं एका आंतरराष्ट्रीय कमिशनने. इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशन, १९०६ साली लंडनमध्ये सुरू झालं, आता ऑफिस जिनिव्हात. देशोदेशीच्या समित्या तिथे बसून प्लेट कशी तपासायची, किती गरम-थंड करून बघायची, गारपिटीसाठी बर्फाचे गोळे किती जोरात मारायचे हे सगळं ठरवतात. ऐकायला एकदम कंटाळवाणं काम आहे. पण जिनिंगवर कापूस नेणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं, घरचा काटा एक आणि तिथला काटा एक असला की भांडण ठरलेलं. इथे काटा एकच आहे म्हणून चीनमध्ये बनलेली प्लेट वरोऱ्यात आणि केनियात एकाच मापाने विकली जाते.

माझं तर मत असं झालंय की सरकारं एकत्र येऊन क्लीन एनर्जीसाठी जे करतात त्यात फोटो काढायच्या परिषदांपेक्षा असली कंटाळवाणी कामंच जास्त कामाची असतात.

आता किमतीचं बघा. १९५४ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्सने पहिली कामाची सिलिकॉन सेल दाखवली, ती उन्हातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायची, आणि महाग एवढी की सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे सॅटेलाइट. मग २००० साली जर्मनीने कायदा केला की सोलरची वीज वीस वर्षं ठरलेल्या भावाने घेऊ, तिथल्या लोकांनी छपरं भरून टाकली, बिल त्यांनी भरलं. ऑस्ट्रेलियात प्रोफेसर मार्टिन ग्रीन यांच्या लॅबमध्ये सेल सुधारली, तिथे शिकलेल्या पोरांनी चीनमध्ये जाऊन कारखाने टाकले, चीन सरकारने मागून जोर लावला. या धंद्याचा एक नियम दिसून आलाय, जगातलं एकूण उत्पादन दुप्पट झालं की प्लेटची किंमत साधारण २० टक्के पडते, कारण दरवेळी सिलिकॉनचा काप पातळ होतो, चांदी कमी लागते, तुटफूट घटते. २०१० नंतरच्या दहा वर्षांत किंमत जवळपास ९० टक्के पडली. म्हणजे जर्मन माणसाने महाग घेतली म्हणून आमच्या वावरात दहा टक्के भरून सोलर पंप आला, बाकीचे सरकारने भरले, पण प्लेट जुन्याच भावाची असती तर कोणत्याच सरकारला ते झेपलं नसतं.

एकत्र खरेदीचा मुद्दा पण हाच. एलईडी बल्ब आठवतो का, २०१४ मध्ये सरकारला ३१० रुपयाला पडायचा, मोठमोठ्या ऑर्डरी एकत्र काढल्या आणि २०१६ मध्ये तोच ३८ वर आला. भारत आणि फ्रान्सने ३० नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेत इंटरनॅशनल सोलर अलायन्स सुरू केली, तिचं ऑफिस आपल्या गुरुग्रामला आहे, तिनेही हेच करून पाहिलं, २२ देशांची मिळून अडीच लाखांच्या वर सोलर पंपांची मागणी एका जागी केली. एकट्या छोट्या देशाला कोणी भाव देत नाही, दोन एकरवाल्याला जसा व्यापारी देत नाही.

उलटी गंगा पण वाहते. १ एप्रिल २०२२ पासून आपण बाहेरच्या प्लेटवर ४० टक्के कस्टम ड्यूटी लावली. कारण समजण्यासारखं आहे, जगातल्या ८० टक्क्यांवर प्लेटा चीनच बनवतो आणि सगळी अंडी एका टोपल्यात कोण ठेवेल, पण तेवढी महागाई झालीच.

आता रात्रीचं. आमच्या भागात रातच्या लाईनीवर ओलित करायला जाणं म्हणजे साप, रानडुक्कर आणि कधीकधी वाघ, त्यामुळे दिवसा चालणारी मोटर म्हणजे सुख आहे. पण गावातले दिवे, पंखे संध्याकाळीच लागतात, आणि तेव्हा सगळा भार चंद्रपूरच्या थर्मलसारख्या कोळशावरच्या स्टेशनांवर येतो, एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट. मग आयडिया अशी निघाली की आपल्याकडे सूर्य बुडाला तरी पश्चिमेला असतोच, तिकडून तार आणा. मस्कत आमच्यापेक्षा २० रेखांश पश्चिमेला, एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्यानंतर तिथे सव्वा तासाच्या वर ऊन असतं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारत आणि ब्रिटनने मिळून हीच 'वन सन वन वर्ल्ड वन ग्रिड' योजना मांडली.

तार टाकून भागत नाही मात्र. एसी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते आणि दोन ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांची दोन जाळी, जोडायच्या तर दोघींचं पाऊल जुळलं पाहिजे, जुवाला जोडलेल्या दोन बैलांसारखं, एक पुढे ओढतोय आणि एक मागे तर जू मोडणार. याचा उपाय आमच्या शेजारीच आहे. भद्रावतीचं एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी विजेचं, स्टेशन, १००० मेगावॅटचं, नव्वदच्या दशकातलं. दक्षिणेची ग्रिड तेव्हा वेगळी चालायची, म्हणून तिथे एका बाजूची एसी आधी डीसी करायची आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या तालावर परत एसी. डीसी एकाच दिशेने सरळ वाहते, तिला पाऊलच नाही, त्यामुळे भांडण नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण ग्रिड बाकी देशाशी सरळ एका तालात जोडली गेली. त्याच वर्षी बांगलादेशात भेरामारा इथे असल्याच पद्धतीचं ५०० मेगावॅटचं स्टेशन लागलं आणि आपण बांगलादेशला त्यातून वीज द्यायला लागलो. भद्रावतीवरून जाताना ते टॉवर अन् तारांचं जंगल हजारदा पाहिलं असेल, पण त्याचा बांगलादेशशी असा संबंध लागेल हे डोक्यात कधी आलं नव्हतं.

मशीनपेक्षा कागद अवघड. नेपाळच्या नद्यांवरची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला द्यायचा तीन देशांचा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, आणि ती वीज किती, तर ४० मेगावॅट. चंद्रपूरच्या थर्मलच्या दीड टक्काही नाही. तार कोणाची, भाडं किती, बंद पडली तर जबाबदार कोण, हे ठरवण्यात काही वर्षं गेली.

मला वाटलं होतं हे ऐकून मोठेबाबा हसतील. ते म्हणाले, "तीन सरकारं बसली ना? मंग लवकरच झालं म्हणायचं. आपल्या धुऱ्याची मोजणी तुह्या आजापासून व्हायची हाय."