सॅटेलाइट किती दिसतात ते सोडा, कुठे दिसतात ते बघा

जीपीएस चेक करायचं एखादं ॲप उघडलं की एक गोल दिसतो. तो गोल म्हणजे आपल्यावरचं आकाश, मधोमध माथा, कडेला क्षितिज, आणि आत विखुरलेले ठिपके म्हणजे सॅटेलाइट. सगळ्यांचं लक्ष जातं आकड्याकडे, ३५ दिसतायत, भारी! पण ठिपके पसरलेत कसे ते जास्त महत्त्वाचं.

सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात हे माहीत असेलच. तीन अंतरांत काम भागलं असतं, पण फोनचं घड्याळ साधंच, आणि एका मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो, त्यामुळे घड्याळाची चूकही गणितातच शोधावी लागते, म्हणून किमान चार सॅटेलाइट. आता हे चारही आकाशाच्या एकाच कोपऱ्यात घोळका करून असतील तर अंतरातली छोटी चूक लोकेशनमध्ये फुगून येते. किती पट फुगते ते सांगणारा आकडा म्हणजे डीओपी. अंतरात ३ मीटरची चूक आणि डीओपी २ असेल तर साधारण ६ मीटर, डीओपी ८ झाला की थेट २४. चारच मिळणार असतील तर एक माथ्यावर आणि तीन क्षितिजालगत १२०-१२० अंशांवर, ही बेस्ट मांडणी. आणि उंची नेहमी जास्त का चुकते? कारण पायाखालचे सॅटेलाइट पृथ्वीनेच झाकलेले असतात, सगळी मापं वरूनच येतात.

जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताला ५५ अंशांनी कललेल्या, म्हणजे त्याहून उत्तरेला राहणाऱ्यांच्या बरोब्बर डोक्यावर जीपीएसचा सॅटेलाइट कधी येतच नाही. रशियाची जीपीएससारखीच सिस्टीम म्हणजे ग्लोनास, तिचा कल जवळपास ६५, त्यामुळे तिकडे तो कामाचा. युरोपचा गॅलिलिओ आणि चीनचा बायडू धरले तर एकूण शंभरावर सॅटेलाइट होतात.

मोकळ्या मैदानात याचा फार फरक जाणवत नाही, खरी कसोटी उंच बिल्डिंगांच्या मधल्या रस्त्यावर. तिथे आकाशाची एक पट्टीच उरते, नुसत्या जीपीएसचे त्यात तीन-चार मिळाले तरी नशीब. चारही सिस्टीम घेतल्या की लोकेशन निदान मिळतं तरी. पण पट्टी ती पट्टीच, सगळे ठिपके रस्त्याच्याच दिशेने, त्यामुळे रस्त्याच्या लांबीत लोकेशन बरं आणि आडवं मात्र ढिलं, आणि मॅप आपल्याला समोरच्या फुटपाथवर नेऊन ठेवतो (भिंतींवरून उडून आलेले सिग्नलही त्यात हात धुवून घेतात).

शिवाय जास्त सिस्टीम एकत्र घेणं फुकट नाही. प्रत्येक सिस्टीमचं घड्याळ वेगळं. ग्लोनास लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून घालतात तो जादा सेकंद) पाळतो, जीपीएस पाळत नाही, त्यामुळे २०१७ पासून दोघांत १८ सेकंदांचा फरक आहे. पूर्ण सेकंदांचं सोडा, ते माहीतच असतात, त्रास होतो वरच्या नॅनोसेकंदांचा, कारण १० नॅनोसेकंद म्हणजे ३ मीटर. हा फरक रिसिव्हर बहुतेकदा स्वतःच सोडवतो, म्हणजे अजून एक अज्ञात. त्यामुळे नव्या सिस्टीमचा एकच सॅटेलाइट दिसत असेल तर त्याचं सगळं माप त्या फरकातच खर्च होतं, लोकेशन तसूभरही सुधारत नाही, ॲपमधला आकडा मात्र एकाने वाढतो! म्हणूनच गॅलिलिओ जीपीएसच्या वेळेशी असलेला आपला फरक सिग्नलमधूनच सांगून टाकतो.

माझ्या मते जास्त सिस्टीमचा खरा फायदा म्हणजे निवड करता येते. क्षितिजालगतचे सॅटेलाइट कागदावर डीओपी सुधारतात, पण त्यांचा सिग्नल वातावरणातून लांबचा रस्ता कापून येतो आणि बिघडतो, म्हणून १०-१५ अंशांखालचे बऱ्याचदा गाळतात. एकटा जीपीएस असताना तेवढे गाळणंही जिवावर यायचं, आता त्याहून वरचेही खराब वाटले तर बिनधास्त सोडता येतात.