रोटरी ऑइल खाते म्हणजे इंजिन गेलं?

पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाची जुनी माझ्दा आरएक्स-७ (१९७८ ते २००२) घ्यायला निघालात की कोणीतरी हमखास सांगतं, "ऑइल खाते ना? मग इंजिन संपलं." पिस्टनच्या इंजिनाला हा ठोकताळा बराचसा लागू पडतो, रोटरीला नाही. इथे ऑइल मुद्दाम जाळलं जातं. त्रिकोणी रोटरच्या तिन्ही टोकांवरची एपेक्स सील (दाब निसटू न देणाऱ्या पट्ट्या) हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, भिंतीला सतत घासत फिरतात. ती कोरडी पडू नयेत म्हणून एक छोटा मीटरिंग पंप इंजिन ऑइलच थोडंथोडं आत सोडतो. उलट, भरपूर पळवूनही डिपस्टिकवरची पातळी हलत नसेल तर आधी तो पंप तपासा. (पंप काढून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणारेही आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.) बाहेर गळणारं ऑइल मात्र या हिशेबात धरू नका.

इंजिनाची नाडी कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आत तयार होणाऱ्या दाबात, कळते. तो मोजणारा साधा गेज सर्वांत मोठा आकडा धरून बसतो, त्यामुळे खराब सील झाकलं जातं. गेजचा व्हॉल्व्ह दाबून धरा, स्टार्टर फिरवा आणि काटा बघा: रोटरच्या तीन बाजूंच्या एकसारख्या तीन उड्या हव्यात. एक एपेक्स सील दोन बाजूंच्या मधे असतं, त्यामुळे ते गेलं असेल तर लागोपाठ दोन उड्या लंगडतात. वर इंजिन गरम असताना स्टार्ट व्हायला कुरकुरत असेल, तर मालकाशी किंमतीवर खुशाल घासाघीस करा.