पांढऱ्यावर पांढरं दिसतं कसं?

यान स्खोनहोव्हन (१९१४–१९९४) हा डच चित्रकार १९४६ ते १९७९ अशी सलग तेहतीस वर्षं टपाल-तार खात्यात नोकरी करत होता. ऑफिस हेगमध्ये, बिऱ्हाड डेल्फ्टला. कामावरून आल्यावर तो घरीच पुठ्ठे कापायचा, वर्तमानपत्राच्या कागदाचा लगदा लावायचा, चौकोनी कप्प्यांची जाळी रचायचा आणि त्या सगळ्यावर पांढरा इमल्शन रंग फासायचा. या उठावचित्रांना नावंही सरकारी फायलीला शोभतील अशी: रिलीफसाठी ‘आर’, मग सालाचे दोन आकडे, मग क्रमांक. १९६१ साली त्याने आणि तीन मित्रांनी मिळून एक गट काढला, त्याचं नावच ‘नुल’, म्हणजे शून्य. युद्धानंतरच्या दशकात युरोपभर भावनेच्या भरात रंगांचे थर फेकले जात होते. या मंडळींना त्याचा कंटाळा आला होता. रंग नको, गोष्ट नको, कलाकाराची हळहळ तर नकोच.

मग चित्रात उरतं काय? उरतो तो प्रकाश, आणि इथून पुढचा विषय भौतिकशास्त्राचा आहे.

आधी पांढऱ्याचं बघू. आजच्या बहुतेक पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते. तिचा कण स्वतः पारदर्शकच असतो. पण त्याचा अपवर्तनांक (म्हणजे प्रकाशाला किती वळवतो याचं माप) सुमारे २.७ आणि त्याला धरून ठेवणाऱ्या माध्यमाचा सुमारे १.५. या फरकामुळे प्रत्येक कणापाशी प्रकाशाची वाट मोडते. कणाचा आकार मिलिमीटरच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढा ठेवला, की दृश्य प्रकाशातले सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि सगळ्या दिशांना बाहेर पडतात. म्हणून असा बिनचकाकीचा पृष्ठभाग कुठूनही पाहिला तरी साधारण तेवढाच उजळ वाटतो.

पण पाहणाऱ्याची जागा बदलून फरक पडला नाही, तरी दिव्याची जागा बदलली की पडतो. योहान लँबर्टने १७६० साली याचा नियम मांडला: पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असलेल्या रेषेशी प्रकाश जो कोन करतो, त्याच्या कोसाइनवर उजळपणा ठरतो. शाळेत पाठ केलेला कोसाइन इथे खरंच कामाला येतो.

समजा, दिवा बरोबर समोर आहे. सपाट भागाचा उजळपणा १०० धरला, तर पाच अंशांनी कललेल्या भागाचा येतो ९९.६. साधारण एक टक्क्याहून कमी फरक डोळ्याला कळत नाही, त्यामुळे तो उतार असून नसल्यासारखा. आता दिवा बाजूला सरकवत ८० अंशांवर न्या. सपाट भाग उतरतो १७ वर, दिव्याकडे पाच अंश कललेला २६ वर, आणि तेवढाच पलीकडे कललेला ९ वर. उतार तोच, रंग तोच, पण दोन उतारांत जवळपास तिपटीचा फरक! भिंतीला पुट्टी मारल्यावर रंगारी बल्ब भिंतीलगत आडवा धरून उंचसखलपणा शोधतो, तो याच हिशेबावर.

म्हणजे स्खोनहोव्हनने पुठ्ठ्यात बांधले ते फक्त कोन. राखाडीच्या छटा रोज नव्याने भरतो तो खिडकीतला प्रकाश. सकाळी ज्या कडा काळसर, त्याच दुपारी उजळ. समोरून फ्लॅश मारून काढलेला फोटो म्हणूनच अशा कामावर अन्याय करतो. छापील पानावर हे काम रटाळ वाटलं तर तो दोष बऱ्याचदा फोटोग्राफरच्या दिव्याचा असतो.

कप्प्यांतली सावली मात्र कधी काळीकुट्ट होत नाही. चांगला पांढरा रंग पडलेल्या प्रकाशातला ८५ टक्के परत फेकतो असं धरलं, तर दुसऱ्या भिंतीवरून उसळताना ७२ आणि तिसरीवरून ६१ टक्के शिल्लक राहतो. यातला काही बाहेर निसटतो, पण बाकीचा कोपऱ्यात फिरत राहतो आणि सावलीला मऊपणा देतो. काळ्या रंगात हेच कप्पे केले असते तर कोपरे नुसते बुजून गेले असते.

शेवटचा निवाडा मेंदूचा. उजेड वरून येतो असं मेंदू गृहीत धरतो, कारण सूर्य वर असतो. त्यामुळे वरची कड उजळ दिसली तर उंचवटा आणि खालची उजळ दिसली तर खळगा, असा निकाल तो झटकन देऊन टाकतो. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छायांकित वर्तुळांच्या प्रयोगांतून हे सुरेख दाखवलं होतं. चंद्रावरच्या विवरांचा फोटो फोनवर उलटा करून बघा, विवरांचे टेंगूळ होतात.

एवढ्या नाजूक फरकांवर उभ्या असलेल्या कामाचा पहिला शत्रू म्हणजे धूळ. प्रत्येक कप्प्याची खालची आडवी पट्टी ही तिच्यासाठी बांधलेली फळीच, आणि इमल्शन रंगाचा थर खोलीच्या तापमानालाही किंचित मऊ राहत असल्याने ती त्यात रुतून बसते. पाण्याने पुसावं तर रंग फुगतो, आत पुठ्ठा. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, तो वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो. रंगीत चित्रात एखादा डाग खपून जातो. इथे पांढऱ्यावर आलेली जराशी पिवळी झाकही उठून दिसते. म्हणून जतन करणारे तज्ज्ञ अशा कामांवर आधी कोरडा मऊ ब्रश फिरवतात, आणि तोही बाजूने दिवा लावून.