मशीनवरचा छोटा आकडा

दाराखालच्या पट्टीला सहज स्क्रू-ड्रायव्हर टेकवावा आणि तो मुठीपर्यंत आत जावा, हा अनुभव जुनी गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. वरून रंग शाबूत, आत नुसता गंज. त्या क्षणी डोक्यात वेल्डिंग मशीनचा किडा शिरतो. आणि मशीन निवडायला बसलं की डब्यावर ठळक छापलेला आकडा दिसतो: २०० अँपिअर, २५० अँपिअर. मोठं घेतलेलं बरं, पुढेमागे उपयोगी पडेल, असं वाटतं. गाडीच्या पत्र्यासाठी मात्र हा हिशेब उलटा आहे. मशीन जास्तीत जास्त किती देतं यापेक्षा ते कमीत कमी किती देऊ शकतं, हे आधी विचारायचं.

कारण पत्रा. गाडीच्या अंगाचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाड असतो. ०.८ मिलिमीटर पत्र्याचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा, म्हणजे नखाएवढा, भरतो जेमतेम ०.६ ग्रॅम. पोलाद वितळतं १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास. एवढासा तुकडा तिथवर तापवून पातळ करायला सुमारे ८०० ज्यूल पुरतात. आता रॉडचं साधं मशीन घ्या. अडीच मिलिमीटरचा रॉड नीट जळायला ७० अँपिअर तरी लागतात, रॉड आणि पत्र्यामधल्या ठिणगीवर व्होल्टेज २३च्या आसपास, म्हणजे सेकंदाला १६०० ज्यूल. ही सगळी उष्णता जागच्या जागी राहिली तर नखाएवढा पत्रा अर्ध्या सेकंदात गायब! काही उष्णता बाजूला पसरते म्हणून थोडी उसंत मिळते, इतकंच. माझं पहिलं मशीन रॉडचंच होतं. पायाखालच्या पत्र्याला एक भोक बुजवायला गेलो आणि पाच मिनिटांत तिथे चाळण झाली.

रॉडचा दोष नाही. फाटक, जाळी, जाड अँगल यांना तो उत्तमच. पण रॉड जळत जळत आखूड होतो आणि त्याचं टोक कामापासून सारख्याच अंतरावर ठेवायला हात सतत खाली न्यावा लागतो. ते नवशिक्याला जमत नाही, आणि पातळ पत्रा चूक माफ करत नाही.

इथे मिग मशीन कामाला येतं. यात रॉडऐवजी रिळावरची बारीक तार बंदुकीतून आपोआप पुढे सरकते. मला त्यातली खरी गंमत वाटते ती विजेच्या स्वभावाची. रॉडचं मशीन करंट साधारण कायम ठेवतं, मिग मशीन व्होल्टेज कायम ठेवतं. समजा हात थरथरला आणि बंदूक पत्र्याच्या जवळ गेली. ठिणगीचं अंतर कमी झालं की करंट उसळतो, तार भराभर वितळते आणि अंतर पुन्हा पूर्वीएवढं होतं. हात लांब गेला तर करंट उतरतो, तार सावकाश वितळते, पुढे सरकणारी तार अंतर भरून काढते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं. हाताच्या कामातला सर्वांत अवघड भाग मशीन स्वतःकडे घेतं, म्हणून मिग शिकायला सोपं. शिवाय ०.६ मिलिमीटरची तार ३५ अँपिअर आणि १५ व्होल्टवरही शांतपणे जळते. गुणाकार करून बघा: रॉडच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच उष्णता.

तेव्हा ३० अँपिअरपर्यंत खाली उतरणारं, ०.६ची तार चालवणारं मिग मशीन, ही माझी पहिली पसंती. वरचा आकडा १४०-१५० असला तरी चासीच्या २-३ मिलिमीटर जाड भागापर्यंत भागतं. डब्यावर टक्क्यात लिहिलेली ड्यूटी सायकल म्हणजे दर दहा मिनिटांत मशीन किती वेळ सलग जळू शकतं ते. ती साखळीने काम करणाऱ्या कारखान्याची काळजी. पत्र्यावर आपण एका वेळी एक सेकंदाचा टाका मारतो आणि थांबतो, तेव्हा २० टक्केही चालतात. इन्व्हर्टर मशीन हलकं असतं, कारण ते विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटवतं आणि तेवढ्या वेगात छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो. जुन्या धाटणीचं मशीन जड, पण तेही वाईट नाही.

गॅसचा प्रश्न उरतो. वितळलेल्या पोलादाला हवा लागली तर टाका सच्छिद्र होतो, म्हणून त्यावर गॅसचं पांघरूण हवं. आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण पातळ पत्र्याला सर्वांत मानवतं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडने ठिणग्या जास्त उडतात आणि उष्णता खोल जाते. बिनगॅसची पोकळ तारही मिळते, तिच्या पोटातल्या भुकटीतून संरक्षक धूर निघतो. वाऱ्यात उघड्यावर ती बरी, पण पातळ पत्र्यावर ती रांगडी वागते. शिवाय गॅसवर तार धन टोकाला जोडतात आणि पोकळ तार ऋण टोकाला. ही अदलाबदल मशीनमध्ये करता येते ना, हे घेण्याआधी बघावं. टिग मशीनमध्ये एका हातात न वितळणाऱ्या टोकाची बंदूक, दुसऱ्या हातात भरायची तार आणि पायाखाली करंटचं पेडल. काम देखणं, पण दोन हात आणि एक पाय तिन्ही गुंतवणारं. पहिलं मशीन म्हणून नको.

मशीनपेक्षा मुखवट्यात काटकसर करू नका. ठिणगीतल्या अतिनील किरणांनी डोळे भाजले की त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो, डोळ्यांत वाळू भरल्यासारखा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आधी घासून घ्यावा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे पोलाद वितळायच्या कितीतरी आधी, आणि त्या धुराने थंडी वाजून ताप येतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर ठिणगी अजिबात नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. बॅटरी सोडवून ठेवावी आणि अर्थचा चिमटा टाक्याच्या शेजारीच, चकचकीत घासलेल्या जागी लावावा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढतो. इंधनाच्या टाकीच्या वाटेला जाऊ नये. दरवाजांमधल्या खांबांनाही हात लावू नये: नव्या गाड्यांत ते खास कठीण केलेल्या पोलादाचे असतात आणि तापले की ती ताकद जाते.

गाडीआधी भंगारातल्या पत्र्यावर सराव करा. वरच्या पट्टीला ६ मिलिमीटरचं भोक पाडा, ती दुसऱ्या पट्टीवर ठेवा आणि भोक वितळलेल्या धातूने भरा. कारखान्यात मारलेल्या हजारो स्पॉट टाक्यांच्या जागी दुरुस्तीत हाच टाका वापरतात. थंड झाल्यावर छिन्नी घालून दोन्ही पट्ट्या उचकटा. टाका सुटून आला तर तो नुसता वर बसला होता, करंट वाढवा. तो वरच्या पट्टीला घट्ट राहिला आणि खालच्या पत्र्याचा गोल तुकडा फाडून घेऊन आला, तर जमलं. पत्र्याला पडलेलं भोक बघून बरं वाटावं, अशी ही एकच वेळ.