जुन्या चौकटीवरचा रंग काढताना

गिरगाव किंवा लालबागमधल्या एखाद्या शंभर वर्षांच्या चाळीत सागवानी दाराच्या चौकटीवरून निखळलेली रंगाची खपली आडवी धरून भिंगाखाली पाहिली, तर तिच्यात एकावर एक चढलेले सात-आठ थर दिसतात. सर्वांत वरचा थर गेल्या दिवाळीचा असतो, त्याखाली आजोबांच्या काळातला हिरवा किंवा पिवळट, आणि लाकडाला अगदी चिकटून बसलेला थर बहुधा पांढरा असतो. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हाच सर्वांत आतला थर शेंदरी असतो. शिसे असण्याची शक्यता या आतल्या थरांतच जास्त असते. वरचा रंग धड आहे तोवर ते शिसे जागच्या जागी राहते. घर नवे दिसावे म्हणून रंगारी चौकट घासायला घेतो, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळे होते.

रंगात शिसे घालणाऱ्यांनी ते काही फसवणुकीने घातले नव्हते. जुने लोक ज्याला सफेदा म्हणत, तो शिशाचा कार्बोनेट. जवसाच्या तेलात खलला की तो घट्ट, चिवट आणि खालचे सारे झाकून टाकणारा थर देतो. दगडाच्या देवाला परंपरेने लावला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी त्याचाच पहिला हात देत. पिवळ्या रंगासाठी शिशाचा क्रोमेट वापरत, तोच निळ्यात मिसळून हिरवा करत, आणि तेलरंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घालत. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या मुंबईसारख्या शहरात असा टिकाऊ रंग कोणालाही हवासा वाटला असता. चुना मारलेल्या भिंतींपेक्षा दारे, खिडक्या, गज आणि कठडे यांच्याकडे अधिक संशयाने पाहायला हवे, ते यासाठीच.

मात्र हा रंग मुलांना विषारी ठरतो, हे कळून शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ मध्ये मुलांच्या विषबाधेचे मूळ व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांपर्यंत नेऊन पोहोचवले. उन्हाने भुकटी झालेला रंग मुलांच्या हातांना लागत होता आणि हातांवरून तोंडात जात होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये सफेद्यावर निर्बंध घालणारा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. भारताचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी जाहीर झाले आणि वर्षभराने लागू झाले; त्यांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. जुन्या सफेद्याच्या रंगात वाळलेल्या थराच्या निम्म्यापर्यंत वजन शिशाचे असू शके, हे लक्षात घेतले की हा बदल केवढा मोठा आहे ते उमगते. पण हे नियम नव्या डब्यापुरते आहेत. चौकटीवर आधीच चढून बसलेल्या रंगाबद्दल ते काही सांगत नाहीत, आणि औद्योगिक रंग त्यांच्या कक्षेबाहेर आहेत. तसा रंग एखाद्या फाटकाला किंवा खिडकीच्या ग्रिलला लावलेला असू शकतो.

शरीराला शिशाचा काहीच उपयोग नाही, पण शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सुमारे दहावा हिस्सा रक्तात उतरतो, तर लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण चार-पाच पट असते. जेवणात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी वाढते. रक्तातले शिसे निम्म्यावर यायला महिनाभर पुरतो, पण हाडांत साठलेले शिसे दशकानुदशके राहते. गरोदरपणी आईच्या हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटू लागते, तेव्हा तिच्या लहानपणी साठलेले शिसेही त्याबरोबर सुटते आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जाते. रक्ताचे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) शिसे अडवते, म्हणून पंडुरोग होतो. मोठ्यांचा रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे आणि हृदय बिघडते. सर्वांत मोठी हानी मात्र वाढत्या मेंदूची होते. लक्ष न लागणे, शिकायला वेळ लागणे, चिडचिड, अधूनमधून पोटदुखी आणि बद्धकोष्ठ, बहुतेक वेळा एवढीच काय ती लक्षणे. आणि ती पाहून शिशाची शंका घेणारे पालक किंवा डॉक्टर विरळाच. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता धुळीचा हिशेब मांडून पाहू, कारण माझ्या मते या विषयातली सर्वांत डोळे उघडणारी गोष्ट हीच आहे. एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर १ मिलिग्रॅम शिसे असले, तर अमेरिकी नियम त्याला शिशाचा रंग मानतात. हे किमान प्रमाण धरले तरी खिडकीचा केवळ एक चौरस फूट भाग कोरडा घासल्यावर ९२९ मिलिग्रॅम शिसे धुळीत उतरते. ही धूळ दहा बाय दहाच्या खोलीत सारखी पसरली, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर सुमारे ९,३०० मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग) शिसे बसते. घरातल्या जमिनीवरील धुळीसाठी अमेरिकेने २००१ मध्ये चौरस फुटामागे ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली होती आणि २०१९ मध्ये ती १० वर आणली. म्हणजे एका खिडकीचा एक कोपरा घासून जुन्या, सैल मर्यादेच्याही दोनशेहून अधिक पट धूळ खाली बसते, आणि त्याच जमिनीवर बाळ रांगत असते. केरसुणीने ती जात नाही, उलट हवेत उडून पुन्हा बसते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मागच्या बाजूनेही तिचे सर्वांत बारीक कण बाहेर पडतात.

म्हणून जुना तेलरंग कोरड्या पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरने घासू नये आणि ब्लो लॅम्पच्या ज्योतीने तर मुळीच जाळू नये, कारण ज्योतीच्या उष्णतेने शिशाची वाफ होऊन ती थेट फुप्फुसात जाते. हीट गनसाठीही सुमारे ५९३ अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा सांगितलेली आहे, आणि आपल्या बंद खोल्यांत ती न वापरणेच मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रशिक्षित माणसे हे काम करतात तेव्हा त्यांचा निम्मा दिवस तयारीत जातो. खोलीतले सामान आणि माणसे बाहेर जातात. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया काम संपून सफाई होईपर्यंत परतत नाहीत. पंखे आणि एसी बंद होतात, जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरून त्याच्या कडा चिकटपट्टीने भिंतीला जोडतात आणि दारावरही तोच पडदा लावतात. मग पृष्ठभागावर पाण्याचा फवारा मारून ओला रंग पत्र्याने खरवडतात, तो पुन्हा ओला करतात, पुन्हा खरवडतात, आणि घासायचेच असेल तर वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासतात. कोरीव काम असेल तेथे रंग सैल करणारी रसायने लावतात; त्यांतले मिथिलीन क्लोराइड बंद जागेत जीवघेणे ठरले आहे, म्हणून ते टाळायचे. कामगाराच्या तोंडावर साधा कापडी रुमाल चालत नाही, बारीक कण अडवणारा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. शेवटी प्लॅस्टिक ओले करून आतल्या बाजूला घडी घालत गुंडाळतात, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमने सारी खोली फिरवून काढतात, साबणाच्या पाण्याने पुसतात आणि पुन्हा व्हॅक्यूम करतात. मोजलेल्या जागेवरून पुसलेले फडके प्रयोगशाळेत तपासून धुळीतले शिसे मर्यादेत आल्याचे दिसले, तरच काम पुरे झाले असे मानतात.

एवढे सारे करणे शक्य नसेल, तर रंग न काढणे हाही उत्तम पर्याय आहे. धड असलेल्या थरावर ओला कपडा फिरवून नवा शिसेमुक्त हात दिला, की आतले शिसे झाकलेले राहते. अपवाद दारे-खिडक्यांचा, कारण पावसाळ्यात फुगलेली झडप दर वेळी चौकटीवर घासते आणि त्या घर्षणाने दररोज थोडी धूळ पडतच राहते. तेथे झडपच बदलणे बरे.

आपल्या घरच्या रंगात शिसे आहे का, हे चाचणीने कळते. एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्र रंग न खरवडता जागेवरच आकडा सांगते. प्रयोगशाळेकडे खपली पाठवायची तर ती लाकडापर्यंतच्या सर्व थरांसह पाठवावी, नाहीतर केवळ गेल्या दिवाळीच्या रंगाची तपासणी होते. घरात नुकतेच असे काम झाले असेल आणि मूल सहा वर्षांखालचे असेल, तर त्याच्या शिरेतल्या रक्ताची शिशासाठी चाचणी करून घ्यावी. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबईतल्या तीन वर्षांखालील मुलांची अशी चाचणी झाली होती आणि बहुसंख्य मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे (शंभर मिलिलिटरमागे) ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले होते. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसे होते. ते २००० मध्ये थांबले. आज ५ मायक्रोग्रॅमला उगम शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. ४५ च्या पुढे शिसे बाहेर काढणारी औषधे देतात. त्यांनी रक्तातला आकडा खाली येतो, पण मेंदूची झालेली हानी भरून आल्याचे दिसलेले नाही.

या सगळ्यात ज्याच्या अंगावर सर्वांत जास्त धूळ बसते, तो रंगारी. गणपतीच्या आधी तो एकामागून एक घरे करतो, त्याच हातांनी डबा खातो आणि त्याच कपड्यांत लोकलने घरी जातो. त्याला कामाच्या जागीच हात-तोंड धुवायला साबण-पाणी आणि कपडे बदलायला आडोसा द्यावा, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायला सांगावे. त्याच्या घरीही रांगणारे मूल असू शकते.