बोटात अंगठी, बोटावर अंगठी

भाचीच्या इंग्रजीच्या पेपरात एक वाक्य लाल पेनाने दुरुस्त केलेलं होतं. ‘द रिंग इज इन माय फिंगर’ मधला ‘इन’ खोडून वर ‘ऑन’. ती तणतणत आली, “मामा, बोटावर अंगठी असं कोणी म्हणतं का?” कोणीच म्हणत नाही. बोटात अंगठी, पायात चप्पल, अंगात सदरा. आता गंमत बघा, खरं तर बोट अंगठीत असतं आणि आपण सदऱ्यात असतो!

‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर’ हे आपण पाठ करतो, आणि घोळ तिथेच होतो. ‘ऑन’ला उंचीचं फारसं देणंघेणं नाही. वस्तू पृष्ठभागाला टेकलेली हवी आणि तिचा भार त्याने पेललेला हवा, बस्स. म्हणून छतावरून उलटी चालणारी माशीसुद्धा ‘ऑन द सीलिंग’. बोट अंगठीला पेलतं, म्हणून तीही ऑन.

झाडाचं उदाहरण तर मला फारच आवडतं. पक्षी ‘इन द ट्री’, पण आंबा ‘ऑन द ट्री’. इंग्रजीला पानांचा डेरा पोकळ खोलीसारखा दिसतो, पक्षी त्या खोलीत बसलेला. आंबा मात्र फांदीला चिकटलेला. मराठीतही हा भेद आहे, फक्त वाटणी निराळी: पक्षी झाडावर, आंबे झाडाला. हा ‘ला’ म्हणजे जोडलेपणाची खूण. दाराला कडी, सदऱ्याला बटण, पेनाला टोपण. डच भाषेतही असेच तुकडे पडतात. टेबलावरच्या कपाला ‘ओप’, दाराच्या मुठीला ‘आन’, आणि बोटातल्या अंगठीला तिसरंच, ‘ओम’.

कोरियन भाषेने तर आत-वर ही वाटणीच बाजूला ठेवली. तिथे ‘क्किदा’ हे क्रियापद घट्ट बसवण्याला लागतं. बोटात अंगठी घालणं आणि डबीत कॅसेट बसवणं दोन्ही क्किदा. टोपलीत सफरचंद टाकणं मात्र निराळं. सून्जा चोई आणि मेलिसा बॉवरमन या भाषा-संशोधकांनी 1991 मध्ये दाखवलं की दोन वर्षांच्या आतली पोरंसुद्धा आपापल्या भाषेच्या वाटणीनेच बोलतात.

मग डोळेही भाषेच्या तालावर बघतात का? सुसान हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्के या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली पाच महिन्यांची बाळं घेतली. नळकांडं भांड्यात घट्ट बसतंय हे पुन्हापुन्हा दाखवलं. बाळं कंटाळली. मग सैल बसणारं दाखवलं, तर ती जास्त वेळ टक लावून बघू लागली. म्हणजे इंग्रजी ज्या भेदाला इन-ऑनमध्ये जागा देत नाही, तोही बाळांना आधीपासून जाणवत होता. हा निष्कर्ष 2004 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला.

तेव्हा ‘अमुक भाषा जगात सर्वांत शास्त्रशुद्ध’ असा फॉरवर्ड आला, की त्या भाषेत अंगठी कुठे असते तेवढं विचारावं.

भाचीचं समाधान झालं नव्हतंच. “मग ऑन द बस आणि इन द कार का? आपण दोन्हींत बसतोच ना?” ढोबळ खूण सांगितली: ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ऑन, वाकून शिरावं लागतं त्याला इन.

“आणि रिक्षा?”

“इन.”

“आणि मीटरच्या शेजारी, ड्रायव्हरकाकांच्या सीटवर टेकलं तर?”