अंगठ्याचे स्प्लिंट

अंगठ्याचे स्प्लिंट : दुखणाऱ्या अंगठ्याला ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा, हातावर बाहेरून बांधायचा आधार. नाशिकच्या मेडिकल दुकानांत त्याला ‘अंगठ्याचा पट्टा’ म्हटले की पुरते. दवाखान्यात ‘थंब स्पायका’ हे नाव कानावर येते. नुसता निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या लवचिक कापडाचा मऊ पट्टा, आत ॲल्युमिनियमची पट्टी घातलेला अर्धकडक पट्टा आणि रुग्णाच्या हातावरच घडवलेले कडक थर्मोप्लास्टिक, म्हणजे गरम केले की मऊ होणारे प्लास्टिक, हे त्याचे नेहमी दिसणारे प्रकार. स्प्लिंटने झिजलेला सांधा भरून येत नाही. दुखऱ्या जागेवरचा ताण तेवढा उतरतो, आणि अनेकांना तेवढ्यानेच पुन्हा हात चालवता येतो. म्हणूनच दुखणे नेमके कोणत्या जागी आहे हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता घेतलेला पट्टा बहुधा चार दिवसांत कपाटात जातो.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून, खोगिराच्या आकाराचा एक लहान सांधा असतो. अंगठा बाकीच्या बोटांसमोर येऊ शकतो तो या सांध्यामुळे, आणि त्याची मोठी किंमत हाच सांधा मोजतो. कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेल्या गणितानुसार अंगठ्याच्या टोकाने १ किलोचा चिमटा घेतला, तर बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो. जोरकस पकडीत तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. बरणीचे घट्ट झाकण, ओले धुणे पिळणे, भाकरीचे पीठ मळणे, कुलपात अडकलेली किल्ली फिरवणे या कामांत कळ कुठून येते ते यावरून समजते. चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्ये, हा सांधा झिजतो. तेव्हा दुखणे अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या फुगीर मांसल भागात खोलवर असते.

दुसरे नेहमीचे दुखणे कंडरांचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यांचे. अंगठा बाहेर उघडणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस एका अरुंद आवरणातून जातात. ते आवरण जाड झाले की कंडरा आत घासू लागतात. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द क्वेर्व्हँ यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यात दुखणे मनगटाच्या कडेच्या हाडाच्या उंचवट्यावर असते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवले की तिथे चमक उठते. ही चाचणी हळूच करावी, कारण जोर लावला तर निरोगी हातही थोडा दुखतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हे दुखणे फार दिसते. बाळाला काखेत दोन्ही हातांनी धरून उचलताना अंगठे ताठ उघडे असतात आणि मनगटे वाकलेली.

नाशिक जिल्ह्यात अंगठ्याला विश्रांती देणे का अवघड जाते, हे द्राक्षबागेत उभे राहून पाहावे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडे ऑक्टोबर छाटणीनंतर घडातले मणी बाजरी-ज्वारीएवढे झाले की विरळणी सुरू होते. बागेत तिला थिनिंगच म्हणतात. मजूर बाई मांडवाखाली हात वर करून उभी असते. डाव्या हाताने घड तोललेला, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात बारीक टोकांची कात्री. घडाच्या आतला मणी गाठायला मनगट करंगळीकडे वळते, कात्री मिटते, पुन्हा उघडते. कात्री मिटण्याचे काम तळहाताकडचे दणकट स्नायू करतात. उघडण्याचे काम मात्र त्याच दोन बारीक कंडरांवर येते, आणि तेही मनगट झुकलेले असताना. दिवसभर हीच हालचाल केली तर दुखणे मनगटाच्या कडेला का उभे राहते, हे कोणत्याही बागेत डोळ्यांना दिसते. ज्या कात्रीची स्प्रिंग ती आपोआप उघडते, ती घेतल्याने कंडरांचे अर्धे काम वाचते. स्प्लिंट घेण्याआधी ही कात्री बदलावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

लासलगाव पट्ट्यात कांद्याची पात विळ्याने कापणे, येवल्याच्या मागावर पैठणीसाठी रेशमाच्या बारीक कांड्या फिरवणे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर स्क्रू पिळणे ही कामेही अंगठ्यावरच चालतात. मोबाइलवर एका हाताने टाइप करण्याची सवय सगळ्यांना समान.

निवड दुखण्याच्या जागेवरून होते. बुडाचा सांधा झिजला असेल तर आखूड स्प्लिंट पुरते: ते तळहाताला आणि अंगठ्याच्या खालच्या भागाला वेढते आणि मनगट मोकळे सोडते. त्यामुळे स्वयंपाक, लिखाण, गाडी चालवणे फारसे अडत नाही. द क्वेर्व्हँच्या विकारात मात्र मनगटही थांबवावे लागते, म्हणून स्प्लिंट कोपराच्या दिशेने हाताच्या खालच्या भागावर चढणारे, लांब असते. दोन्हींत अंगठ्याचे टोकाकडील पेर मोकळे राहते. अंगठा मिटताना किंवा उघडताना अडकून ‘टक्’ करत असेल तर तो ट्रिगर थंब. त्याला वेगळे, अंगठ्यापुरतेच छोटे स्प्लिंट लागते. नेहमीची चूक अशी की अंगठा दुखतो म्हणून दुकानात विचारणाऱ्याच्या हातात मनगटाचा साधा पट्टा पडतो. त्यात मनगट आवळले जाते आणि अंगठा मोकळाच हलत राहतो. पैसे जातात, दुखणे राहते, आणि ‘पट्ट्याने काही होत नाही’ असा समज घरभर पसरतो. क्रेप बँडेजचेही तसेच. सूज असताना ते बरे वाटते, पण अंगठा धरून ठेवण्याची ताकद त्यात नसते.

तयार स्प्लिंट काहीशे रुपयांत मिळते. मोजमाप खोक्यावरच्या तक्त्याप्रमाणे मनगटाच्या किंवा पंज्याच्या घेराने घ्यावे आणि डावा-उजवा हात तपासावा. दोन्ही हातांना चालणारे म्हणून विकले जाणारे पट्टे अंगठ्याच्या बुडाशी अनेकदा सैल बसतात. थर्मोप्लास्टिकचे स्प्लिंट महाग, पण हात लहान असेल, वाकडा असेल किंवा तयार पट्टा टोचत असेल तर तेच घ्यावे. ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा हाताच्या कामात तयार झालेला फिजिओथेरपिस्ट बनवतो. प्लास्टिकचा सपाट तुकडा सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ करतात, पुसून, थोडा निववून हातावर ठेवतात आणि तो घट्ट होईपर्यंत अंगठा पाण्याचा पेला धरल्यासारखा धरायला सांगतात. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी या दोन्ही विषयांचे पदवी अभ्यासक्रम चालवणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. असे असूनही बहुतेक रुग्ण थेरपिस्टकडे न जाता थेट दुकानात जातात, हे खटकते.

स्प्लिंट दुकानातच घालून पाहावे. अंगठा अर्धवट उघडा, तर्जनीसमोर आलेला असावा. तो तळहाताला चिकटलेला नको आणि मागे ओढलेलाही नको. मग तर्जनीच्या टोकाने अंगठ्याचे टोक गाठून दाखवावे, टेबलावरचे नाणे उचलावे, पेनाने सही करावी. टोकाचे पेर वाकत नसेल तर पट्टा फार वर चढला आहे. चारही बोटांची मूठ होत नसेल तर तळहाताकडची कड फार पुढे आली आहे. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकावे. नख निळसर किंवा फिकट पडणे, बोटांना मुंग्या येणे ही आवळल्याची खूण. अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा आला तर मनगटाच्या कडेवरून जाणारी चेतातंतूची शाखा दाबली जात आहे, तेव्हा त्या जागेवरचा पट्टा लगेच सैल करावा. अर्ध्या तासाने स्प्लिंट काढून त्वचा पाहावी. लाली वीस-तीस मिनिटांत ओसरली नाही तर त्या जागी दाब जास्त आहे. मधुमेह्यांनी ही तपासणी रोज डोळ्यांनी करावी, कारण टोचलेले त्यांना जाणवेलच असे नाही.

बांगड्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण लांब स्प्लिंट त्यामुळेच अंगावर राहत नाही. काचेच्या बांगड्या पट्ट्याखाली आल्या तर त्वचेत रुततात आणि वर आल्या तर पट्टा घसरतो. नव्या बाळंतिणीला हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला सांगितले की घरातल्या मोठ्या बायकांना ते रुचत नाही. दुखऱ्या हातातल्या बांगड्या तेवढे आठवडे दुसऱ्या हातात घालाव्यात, असा तोडगा बहुतेक सासवा मान्य करतात. अंगठी मात्र सूज यायच्या आधीच काढावी.

किती वेळ घालायचे हेही दुखण्यावर अवलंबून असते. द क्वेर्व्हँच्या विकारात पहिले तीन-चार आठवडे दिवसरात्र घालतात. अंघोळीला आणि दिवसातून काही वेळा हलक्या हालचालींसाठी काढतात, आणि दुखणे उतरेल तसे तास कमी करत जातात. बुडाच्या सांध्यासाठी जड कामाच्या वेळी किंवा रात्री घालण्याचा सल्ला असतो. येथे धीर लागतो. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्री स्प्लिंट घालणाऱ्यांना पहिल्या महिन्यात फरक जाणवला नाही, पण बारा महिन्यांनी दुखणे कमी झालेले आढळले. उलट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ३४९ जणांच्या चाचणीत व्यायाम आणि सल्ल्याला स्प्लिंटची जोड दिल्याने आठ आठवड्यांत जास्तीचा लाभ दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर व्यायाम सोडून नुसत्या पट्ट्यावर विसंबणे चूक ठरते, आणि पंधरा दिवसांत तो फेकून देणेही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत बुडाच्या सांध्याच्या झिजेसाठी स्प्लिंटची जोरदार शिफारस आहे. बांधून ठेवलेला अंगठा मात्र अशक्त होतो. म्हणून तर्जनी दुसऱ्या हाताच्या विरोधात अंगठ्याकडे ढकलण्यासारखे, सांध्याला सावरणारे स्नायू बळकट करणारे व्यायाम थेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. दुखऱ्या कंडरेवर तेल लावून जोराने रगडण्याची पद्धत घरोघरी आहे. तिने सूज वाढते.

मऊ पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. मार्च ते मे या महिन्यांत घामाने निओप्रीनखाली पुरळ येते. आत पातळ सुती मोजा किंवा कापड घातले तर ते टळते. काही जणांना निओप्रीनचीच ॲलर्जी असते. गॅसशेगडीसमोर पट्टा काढून ठेवावा, आणि थर्मोप्लास्टिक उन्हात उभ्या बंद गाडीत विसरू नये, ते वाकडे होते. बागेत एक धोका जास्त आहे. छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांवर, म्हणजे काडीवरच्या कळ्यांवर, त्या फुटाव्यात म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावताना, म्हणजे पेस्टिंग करताना, किंवा फवारणीच्या वेळी कापडी पट्टा औषध शोषून घेतो आणि ते तासन् तास त्वचेला लागून राहते. त्या कामाला पट्टा घालून जाऊच नये. दुखऱ्या हाताला त्या दिवशी दुसरे काम द्यावे.

पडताना हात टेकला आणि त्यानंतर अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दुखू लागले तर दुकानातला पट्टा बांधून थांबू नये. तिथले नौकाकृती हाड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसत नाही, म्हणून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. हाडवैद्याकडून अंगठा ओढून घेतल्यास नुकसान होते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल तर दुखणे मनगटातील चेतातंतूचे असते. दोन्ही हातांची बोटे सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असतील तर संधिवाताची तपासणी करावी. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभागात ही तपासणी होते. द क्वेर्व्हँच्या विकारात स्प्लिंट आणि व्यायामाने भागले नाही तर कंडरेच्या आवरणात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्यानेही उतार पडला नाही तर ते आवरण छोट्या शस्त्रक्रियेने उघडतात. फार झिजलेल्या बुडाच्या सांध्यात त्याखालचे लहान हाड काढून टाकतात. या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा काही आठवडे स्प्लिंट घालावे लागते, आणि ते शक्यतो हातावर घडवलेलेच असावे.